अल्तामारे नावाची हाक

टोमॅटोच्या दिवशी कोणी कागद घेऊन येऊ नये, एवढी तरी रीत आमच्या मोंतेलाउरोत शिल्लक होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला तो दिवस. वर्षभराचा रस त्या एका दिवसात बाटल्यांत भरायचा असतो, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस कोपरापर्यंत लाल झालेला असतो आणि तसल्या हाताने कशालाही शिवायची सोय नसते. तरी कानियो पोतेंझाहून आला तो नवी बॅग काखेत मारूनच. बॅगेत काय आहे हे त्याच्या आईने, एर्सीलियाने, सकाळपासून तीनदा "कुठे काय, काही नाही" असं म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तेओदोरा आत्या मान वर न करता टोमॅटो चिरत होती. सहासष्ट वर्षांची, बिनलग्नाची, अल्तामारेंच्या त्याच घरात जन्मलेली आणि तिथेच राहिलेली. तिला ती बातमी एर्सीलियाच्याही आधी लागली होती. गावच्या कचेरीच्या दारावर अठ्ठावीस दिवसांपूर्वी नोटीस चिकटली होती. कानियो अल्तामारे, वय एकोणतीस, नोकरी मोजणी खात्यात, याला आडनाव बदलून आईच्या माहेरचं कांतालूपो हे नाव लावायचं आहे. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. रोज सकाळी पाव आणायला जाताना आत्या त्या नोटिशीसमोर थांबायची आणि घरी आल्यावर अवाक्षर काढायची नाही. तिला राग आला होता असंही नाही. तिला एकटं वाटत होतं, आणि या वयात तसं वाटतंय याची तिला लाज वाटत होती.

घरच्यांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं तर काम लवकर उरकतं, असं कचेरीतल्या माणसाने कानियोला सांगितलं होतं. घरचे म्हणजे किती? जन्माने अल्तामारे असलेली माणसं आता तीनच उरली होती. आत्या, तिचा धाकटा भाऊ जेरार्दो, ज्याला मूलबाळ नव्हतं, आणि खुद्द कानियो. कानियोचा बाप वीतो जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे कानियोने नाव सोडलं की आत्या आणि जेरार्दोच्या मागे ते नाव संपणार, हा हिशेब कोणालाही बोटांवर करता येण्यासारखा होता.

जेवायच्या आधी पहिलं पिंप चुलीवर चढलं. बाटल्या जुन्या पोत्यांत गुंडाळून आत रचल्या, वर पाणी सोडलं, आणि आता तासभर जाळ सांभाळण्याखेरीज काम नव्हतं. कानियोने हात धुतले, बाह्या खाली केल्या आणि बॅग उघडली.

"आत्या, जेरार्दोकाका, दोघांच्या सह्या हव्यात," तो म्हणाला. "परवा मुदत संपतेय."

एर्सीलियाने लगबगीने बेसिलची पानं निवडायला घेतली. ती पानं मघाशीच निवडून झाली होती.

या बाईला खलनायिका समजायचं कारण नाही. ती कांतालूपोंची मुलगी. मोंतेलाउरोत कांतालूपोंची तीनशे वर्षांची थडगी आहेत, आणि तिने वीतोशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा तिच्या बापाने सहा महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. या नावाची माणसं ना खालच्या आळीत ना वरच्या, आली कुठून, असा त्याचा सवाल होता. वीतोने जे उत्तर दिलं तेच अल्तामारे नेहमी देत आले होते. आम्ही मूळचे समुद्रावरचे. आमच्या नावाचा अर्थच भर समुद्र. आमचा मूळपुरुष गलबताचा कप्तान होता, आणि निघताना त्याने मांडीवर बाळ असलेल्या कार्मिनेच्या माउलीचं पदक मधोमध कापून अर्धं बायकोला दिलं होतं. पुढच्या खोलीत गलबताचं चित्र होतं आणि चित्राखाली खिळ्याला ते पितळी अर्धं पदक. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. घरातल्या एकानेही कधी होडीत पाय ठेवलेला नव्हता.

एर्सीलियाने त्या कथेवर पस्तीस वर्षं संसार केला आणि मनातून तिच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आता मुलाचं लग्न पोतेंझाच्या एका औषधवाल्याच्या मुलीशी ठरत होतं. लग्नासाठी जुने दाखले काढले तेव्हा कानियोच्या पणजोबांच्या नावापुढे निघालं, आईबाप अज्ञात. औषधवाला सभ्य माणूस. तो एवढंच म्हणाला की मुलगा उत्तम आहे, नाव तेवढं बघा. त्या दिवशी एर्सीलियाला वाईट वाटलं आणि त्याच वेळी माहेरचं नाव आपल्या मुलाच्या दारावर लागेल म्हणून आनंदही झाला. आनंदाची तिला टोचणी होती, म्हणून ती आज पानं निवडत होती.

जेरार्दोने सही करायचं आधीच पत्रातून कबूल केलं होतं. बावीस वर्षं त्याने बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत काढली होती आणि बदल्यात अर्धी छाती देऊन परत आला होता. रसाचं यंत्र फिरवायचा मान त्याचाच होता, दहा फेऱ्यांनी धाप लागायची तरी तो हात कोणाला लावू देत नसे. आज तो म्हणाला की खाणीत आपल्याला नाव नव्हतंच, दिव्याच्या बिल्ल्यावरचा आकडा होता, चारशे एकोणीस, आणि त्या आकड्यावर पगार बरोबर मिळत होता. पोराला नाव नको असेल तर नसू दे. नावाचं काय लोणचं घालायचंय? त्याने हात पुसले आणि लेखणी मागितली.

"आधी दुसरा कागद वाच," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. दुसऱ्या कागदाबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"बॅगेत दोन आहेत. एक सहीचा. दुसरा कास्तेलवेंतोच्या अनाथघराच्या वहीची नक्कल असणार. त्याशिवाय अर्ज घेत नाहीत, मी कचेरीत विचारून आले."

कानियोने तो कागद काढला खरा, पण वाचायला त्याची जीभ रेटेना. जेरार्दोनेच तो हातात घेतला आणि चष्मा नाकावर चढवला. सन अठराशे एक्केचाळीस, फेब्रुवारीची नऊ तारीख. पहाटे घंटा वाजली. चक्रात मुलगा सापडला, वय अंदाजे दोन दिवस, अंगावर करड्या लोकरीचं फडकं, गळ्यात लाल दोऱ्याने बांधलेलं कार्मिनेच्या माउलीचं पदक, अर्धं कापलेलं. नाव ठेवलं कानियो. आडनाव दिलं अल्तामारे.

चक्र म्हणजे काय हे अंगणात कोणाला सांगायला नको होतं. जुन्या अनाथघरांच्या भिंतीत लाकडाचं फिरतं पिंप असायचं. बाहेरून मूल ठेवायचं, घंटेची दोरी ओढायची आणि पळायचं. आतून जोगीण ते फिरवून मूल उचलायची. दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही.

जेरार्दोने पुन्हा वाचलं. कानियोने नक्कल पूर्ण पानाची काढली होती, त्यामुळे त्याच आठवड्यातली आणखी दोन पोरंही त्यात होती. एकाचं आडनाव दिलं होतं खडक आणि दुसरीचं शीड. प्रत्येक पोराला वेगळं नाव द्यायचं, म्हणजे ती अनाथघरातली आहेत हे नावावरून कळायला नको, असा त्या काळचा हुकूम होता. कारकुनाने त्या आठवड्यात समुद्र धरला होता. त्याआधीच्या आठवड्यात त्याने पक्षी धरले असतील.

"म्हणजे गलबत नव्हतं," जेरार्दो म्हणाला.

जेरार्दो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. खाणीत नऊशे मीटर खाली, पाठीवर झोपून कोळसा फोडताना, तो रोज स्वतःला सांगत आला होता की आपली माणसं उघड्या पाण्यावर, वाऱ्यात राहणारी होती. बावीस वर्षं त्याने त्या वाऱ्याचा श्वास घेतला होता. आता साठाव्या वर्षी कळलं की तो वारा कास्तेलवेंतोच्या एका कारकुनाने, बहुतेक चुलीशेजारी बसून, लिहून दिला होता. त्याला ते फार लागलं. लेखणी त्याने टेबलावर ठेवून दिली.

"मी हेच म्हणतोय काका," कानियो म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. "हे नाव आपलं नाहीच. कोणीतरी यादीतून काढून चिकटवलेलं आहे. ज्या बाईने टाकलं तिने निदान स्वतःचं नाव तरी द्यायचं."

आत्याने सुरी बाजूला ठेवली.

"खालची ओळ वाच, जेरार्दो. मूल कोणाला दिलं ते तिथे लिहिलेलं असतं."

खालची ओळ बारीक अक्षरात होती. फेब्रुवारीची बारा तारीख, मूल दूध पाजण्यासाठी दिलं, दाई विंचेन्झा लोरेतो, राहणार मोंतेलाउरो. सोबत गावच्या पाद्रीबाबांचा दाखला, की या बाईचं मूल नुकतंच दगावलं असून अंगावर दूध आहे. मूल दगावल्याची तारीख, फेब्रुवारीची नऊ.

"दूधआई," एर्सीलिया म्हणाली. तिने तिला पाहिलं नव्हतं, पण त्या घरात आलेल्या प्रत्येकाला दूधआई माहीत होती. थोरल्या कानियोला, म्हणजे आत्याच्या आजोबांना, पाजणारी, त्याला वाढवणारी, आणि म्हातारपणी त्याच्याच घरी येऊन राहिलेली दाई. नात्याची नाही, तरी तिला अल्तामारेंच्या थडग्यात जागा मिळाली होती. थोरल्या कानियोने त्यासाठी पाद्र्याशी भांडण काढलं होतं.

आत्याने पोलक्याची वरची दोन बटणं काढली. आमच्याकडच्या बायका देवाधर्माच्या वस्तू आतल्या कपड्याला टाचून ठेवतात, त्यामुळे कोणी तिकडे फारसं बघितलं नाही. तिने टाचणी सोडवली आणि मळकट फडक्याची पुडी टेबलावर उघडली. आत पितळेचा तुकडा होता, अर्ध्या बिस्किटाएवढा.

"पुढच्या खोलीतलं आण," ती कानियोला म्हणाली.

तो उठला आणि गलबताखालच्या खिळ्यावरून पदक काढून घेऊन आला. जेरार्दोने दोन तुकडे टोमॅटोच्या डागांनी माखलेल्या फळीवर एकमेकांना लावले. कापणाऱ्याचा हात घसरला असावा, कारण कापलेली कड मध्येच वाकडी झाली होती. तीच वाकडी कड दुसऱ्या तुकड्यात बरोबर बसली. माउलीच्या मांडीवरच्या बाळाला इतकी वर्षं डोकं नव्हतं, ते त्याला मिळालं.

मग आत्याने सांगितलं. भराभर नाही सांगितलं, मधूनमधून उठून पिंपाखाली लाकूड सारत सांगितलं.

विंचेन्झाचा नवरा राजाच्या फौजेत होता आणि दोन वर्षं सिसिलीतून आला नव्हता. त्यात तिला दिवस गेले. कोणापासून, ते ती मेली तरी बोलली नाही. तिने मूल जन्माला घातलं, थंडीत चार तास चालून कास्तेलवेंतोच्या चक्रात ठेवलं, आणि तीन दिवसांनी दया येऊन पाद्रीबाबांनी गुपचूप लिहून दिलेला खोटा दाखला घेऊन तीच बाई दाई म्हणून दारात उभी राहिली. शहरातल्या जोगिणींना तिचा नवरा कुठे आहे हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी तिचंच मूल तिच्या हातात दिलं आणि दर महिन्याचे पैसे ठरवून दिले. तोंडातून एक शब्द गेला असता तर मूल परत घेतलं असतं आणि नवऱ्याने तिला जिवंत ठेवलं नसतं. म्हणून ती त्याला बाळ म्हणाली नाही. आधी भीती होती. पुढे नवरा आला, काही वर्षांनी वारला, भीती गेली, पण तोवर थोरला कानियो मोठा झाला होता आणि आपली आई समुद्रापलीकडे आहे, एक दिवस दुसरा तुकडा घेऊन येईल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ती आई कप्तानाची बायको होती. तिच्या जागी चूल फुंकणारी दूधआई कशी ठेवायची, हे विंचेन्झाला कळेना.

"ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते," आत्या म्हणाली. "आईने तिला आंघोळ घातली, मी पाणी ओतत होते. अंगातल्या कपड्याला हे टाचलेलं होतं. आईने ते बघताच ओळखलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, आजोबांना सांगितलंस तर बघ. म्हणाली, बासष्ट वर्षं ज्या बाईची वाट बघितली ती रोज ताटात वाढत होती, हे ऐकून माणूस काय करेल? आता ती गेल्यावर?"

"मग?" कानियोने विचारलं.

"मग काय. नाही सांगितलं."

तिने हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"आजोबा दरवर्षी जुलैत, माउलीच्या सणाला, कास्तेलवेंतोला जायचे. चक्र कधीच बुजवलं होतं, नुसती विटांची चौकट उरली होती. तिच्या खालच्या पायरीवर ते पदक बाहेर काढून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दूधआई गेल्यावर ते मला बरोबर न्यायला लागले. मला लिंबाचं बर्फ घेऊन द्यायचे. सात वर्षं. ते वाट बघायचे आणि मी शेजारी बसून बर्फ खायचे. मला माहीत होतं, जेरार्दो. सातही वर्षं माहीत होतं."

जेरार्दोला आठवलं, बर्फ एकट्या ताईलाच मिळतं म्हणून आपण लहानपणी भोकाड पसरायचो. त्याने तिचा लाल हात आपल्या लाल हातात धरला आणि पिंपातलं पाणी उकळून बाहेर सांडेपर्यंत सोडला नाही. मग एर्सीलिया धावली आणि तिने जाळ ओढला.

कानियो कागदाकडे बघत होता. मोजणी खात्यातला माणूस, त्याला दोन सारख्या तारखा शेजारी शेजारी असून आपल्याला दिसल्या नाहीत याचीच आधी शरम वाटली.

"पण आत्या," तो शेवटी म्हणाला, "नाव तरी कारकुनाचंच ना? तिचं नाहीच."

"कारकुनाचंच. त्याने एकदा लिहिलं." आत्याने पदकाचे दोन्ही तुकडे पुडीत बांधले. "पण हाक तिने मारली, साठ वर्षं. आमचे आजोबा शेतात असू देत की चौकात, ती सज्जात उभी राहून पूर्ण नावाने ओरडायची. कानियो अल्तामारे. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. सगळं गाव हसायचं, म्हणायचं की दूधआई वसुलीला निघाली. तिला बाळ म्हणता येत नव्हतं. दुसरं काहीच म्हणता येत नव्हतं. होतं ते एवढंच, मग तेच ती मोठ्याने म्हणायची. मी ऐकलंय ते. जेरार्दो तेव्हा लहान होता, त्याला आठवत नसेल. आता ऐकलेलं दुसरं कोणी उरलं नाही."

एर्सीलिया रडत होती. ती कांतालूपोंची मुलगी तीनशे वर्षांची थडगी विसरून रडत होती, आणि आपण कोणाच्या बाजूने आहोत हे तिला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

आत्याने सहीचा कागद ओढला, लेखणी घेतली आणि सावकाश, शाळेत शिकवल्यासारखं एकेक अक्षर काढत सही केली. कडेला अंगठ्याचा लाल ठसा उमटला.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली. "ती पोरगी चांगली आहे, तिला घालवू नकोस. मला एवढंच होतं की न सांगता मरायचं नाही. आजोबांना नाही सांगितलं, तुला सांगितलं."

जेरार्दोने बराच वेळ लेखणी फिरवली. मग तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही, आणि ताईच्या खाली सही ठोकली.

पोतेंझाची बस साडेपाचला चौकातून सुटायची. कानियोने निरोप घेतला. आईने त्याच्या हातात मागच्या वर्षीच्या रसाच्या चार बाटल्या दिल्या, कारण या वर्षीच्या उद्यापर्यंत पिंपातच निवणार होत्या. तो उतार उतरू लागला. एका हातात बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बॅग, बॅगेत दोन सह्या. काम फत्ते झालं होतं आणि त्याला रडू येत होतं. औषधवाल्याच्या मुलीला, लिदियाला, काय सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करत होता. झालं, आता सुखाने लग्न करू. तिला विचारलंच नव्हतं त्याने कधी, की तुला या नावाचं काय वाटतं. विचारलं होतं तिच्या बापाने, आणि उत्तर दिलं होतं याने.

कचेरीच्या दारावर ती नोटीस होती. अठ्ठावीस दिवसांच्या उन्हाने तिचा रंग उडाला होता. तो तिच्यासमोर थांबला. आपलं नाव परक्याने लिहिलेलं दिसलं.

बस येऊन उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट ओढत होता. कानियोने पाय पायरीवर ठेवला, तोच वरून, घराच्या सज्जातून, आवाज आला.

"कानियो अल्तामारे."

म्हातारा, चिरका आवाज. त्या घरातून कोणी तसं ओरडल्याला पंचावन्न वर्षं होऊन गेली होती. चौकातल्या बाकावरचे म्हातारे पत्ते धरून थांबले, आणि त्यातला सगळ्यात म्हातारा, ऐंशी पार केलेला, एकदम उठून उभा राहिला. म्हणजे ऐकलेलं आणखी एक माणूस उरलं होतं. कानियोने वर बघितलं. आत्या कठड्याला धरून उभी होती, हात अजून लालच. तिच्या हातात काही विसरलेलं दिसत नव्हतं, ती खुणावत नव्हती, परत ये असंही म्हणत नव्हती. तिने फक्त हाक मारली होती, आणि आता ती थांबली होती.

ड्रायव्हरने विचारलं, येताय ना?

कानियोने पिशवी जमिनीवर ठेवली, बाटल्या फुटू नयेत म्हणून जपून. हात तोंडाशी धरले. आणि अठराशे एक्केचाळीसपासून चक्रातून फिरून आलेल्या त्या नावाला, सगळ्या चौकादेखत, त्याने ओ दिली.

"आलो."